मणका जोडण्याच्या ऑपरेशनमधलं कृत्रिम हाड : बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

मणक्याच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ऑपरेशनआधी समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी इथून येणाऱ्यांची अडचण बहुधा सारखीच असते. फाइल इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं कन्नडमध्ये आणि घरी चर्चा मराठीत. सहीचा कागद पुढे येतो तेव्हा त्यावर 'बोन ग्राफ्ट सबस्टिट्यूट' (म्हणजे कृत्रिम हाड) असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि विचारायला कुणी सापडत नाही. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय अर्थात त्याला तपासणाऱ्या सर्जनचाच.

१. वडिलांना 'फ्यूजन' सांगितलंय. स्क्रू आणि रॉड टाकणारच आहेत, मग वर आणखी हाड कशाला?

एकमेकांवर हलणारे दोन किंवा जास्त मणके जोडून त्यांचं सलग एक हाड करणं म्हणजे फ्यूजन. मणका पुढे सरकला असेल, अपघातात फुटला असेल, टीबीने पोखरला असेल, पाठीला मोठा बाक असेल किंवा नस मोकळी करताना मणका डळमळेल इतकं हाड काढावं लागणार असेल, तर ते करतात.

स्क्रू आणि रॉड मणके जागेवर धरून ठेवतात, पण तेवढ्यापुरतेच. माणूस उठतो, बसतो, चालतो आणि दर वेळी त्या धातूवर ताण येतो. मधे हाड तयार झालं नाही तर कधीतरी स्क्रू सैल होतो किंवा रॉड मोडतो. धातू काही महिने सांभाळतो, पुढचं आयुष्य हाडाने सांभाळायचं असतं. म्हणून ग्राफ्ट, म्हणजे मणके जुळावेत यासाठी तिथे भरायचं हाड.

यासोबत आणखी एक गोष्ट विचारून घ्या. नुसती दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली असेल तर बहुतेकांना फ्यूजन लागत नाही. 'ग्राफ्ट कुठला?' याच्या आधी 'फ्यूजन का?' हे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

२. कृत्रिम हाड म्हणजे नेमकं काय? प्लॅस्टिक, सिमेंट की पावडर?

आपल्या हाडाचा कठीण भाग मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा असतो. त्याच जातीचे क्षार कारखान्यात तयार करून, भट्टीत भाजून त्यांचे दाणे, पट्ट्या किंवा लगदा बनवतात. पाकीट उघडलं की आत दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे, खरखरीत दाणे दिसतात. भिंगाखाली धरले तर प्रत्येक दाणा भोकाभोकांचा असतो. ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, साधारण १०० ते ५०० मायक्रॉनची, म्हणजे रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी आत शिरू शकतील. रक्ताचा थेंब टाकला तर दाणा तो लगेच शोषून घेतो.

ऑपरेशनमध्ये नस मोकळी करताना काढलेलं रुग्णाचं स्वतःचं हाड फेकत नाहीत. त्यावरचं मांस साफ करून त्याचे बारीक तुकडे करतात आणि स्टीलच्या वाटीत या दाण्यांत मिसळतात. कधी कमरेच्या हाडातून सुईने ओढलेला अस्थिमज्जेचा रसही त्यात घालतात. बघता बघता पांढरे दाणे गडद लाल, चिकट होतात. ज्या मणक्यांवर ते पसरायचे त्यांचा पृष्ठभाग त्याआधी रक्त येईपर्यंत खरवडलेला असतो. माझ्या मते पाकिटावरच्या नावापेक्षा हे खरवडणं जास्त मोलाचं आहे.

दोडक्याच्या वेलाला मांडव लागतो तसं हे आहे. मांडव स्वतः वाढत नाही, वाढतो तो वेल. कृत्रिम दाणे मांडव, आणि नवं हाड रुग्णाच्याच शरीराचं.

फुटलेल्या मणक्यात सुईने जे सिमेंट भरतात ते वेगळं. ते कडक होणारं प्लॅस्टिक असतं, विरघळत नाही आणि त्याचं हाडही होत नाही.

३. स्वतःच्या कमरेतलं हाड फुकट मिळतं ना? मग विकत का घ्यायचं?

कमरेच्या वरच्या कडेचं स्वतःचं हाड आजही सर्वांत खात्रीचं मानतात. त्यात जिवंत पेशी असतात, हाड वाढवणारे घटक असतात आणि आधाराचा सांगाडाही असतो. कृत्रिम दाण्यांत यातला फक्त सांगाडा असतो.

पण त्यासाठी वेगळी जखम करावी लागते, वेळ आणि रक्त जास्त जातं आणि काहींना पाठीपेक्षा ती कमरेची जागाच कित्येक महिने दुखते. हाड मिळतंही मोजकंच. मुलांच्या बाकाच्या ऑपरेशनमध्ये दहा-बारा मणके जोडायचे असतात, तिथे ते पुरत नाही.

म्हणून मधला मार्ग निघाला. पाठीतूनच निघालेलं हाड वापरायचं आणि कमी पडेल तेवढे कृत्रिम दाणे मिसळायचे. एका जोडासाठी पाठीतलं हाड बऱ्याचदा पुरतं, त्यामुळे 'माझं स्वतःचं पुरणार नाही का?' हा अगदी रास्त प्रश्न आहे. दाणे स्वतःच्या हाडात मिसळून वापरले तर चांगलं काम करतात. ते एकटेच वापरायचं ठरलं असेल तर कारण विचारा.

४. एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. यातलं चांगलं कोणतं?

नावं कंपन्यांची असतात, आत चार-पाचच पदार्थ असतात. त्यांच्यातला मोठा फरक विरघळण्याच्या वेगाचा.

कॅल्शियम सल्फेट सगळ्यांत जुनं. प्लास्टर ऑफ पॅरिसचाच हा प्रकार, १८९२ साली जर्मनीत ड्रीसमान या सर्जनने हाडातल्या पोकळ्या त्याने भरल्या होत्या. ते काही आठवड्यांतच विरघळतं. मणक्यात हाड यायला महिने लागतात, म्हणून तिथे ते एकटं पुरत नाही. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट साधारण सहा महिने ते दीड वर्षात विरतं आणि त्याची जागा हाड घेतं. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मजबूत, पण वर्षानुवर्षं तसंच राहतं. या दोन्हींचं मिश्रण म्हणजे बायफेजिक. आपल्याकडच्या बिलांवर बहुतेक वेळा हेच दिसतं. बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास ही विशिष्ट काच आहे. १९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी दाखवून दिलं की ती हाडाला चिकटते.

या सगळ्यांत एकच एक सरस, असं ठामपणे म्हणता येत नाही. सर्जनच्या हाताला जे सरावाचं आहे आणि त्या जागेला जे जुळतं ते घ्यावं. महाग म्हणजे लवकर जुळणारं, हा समज मात्र सोडून द्या.

५. 'बीएमपी टाकलं तर शंभर टक्के जुळतं' असं सांगितलं. खर्च फार आहे. घ्यावं का?

बीएमपी हे कृत्रिम हाड नव्हे, हाड तयार करायला लावणारं प्रथिन आहे. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी हाडातला हा गुण दाखवून दिला. पुढे प्रयोगशाळेत बनवलेल्या बीएमपी-२ ला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली, तीही कमरेच्या मणक्यात पुढून पिंजरा (मणक्यांच्या मधे आधाराला ठेवायचा पोकळ ठोकळा) बसवायच्या ऑपरेशनपुरती.

ते जोरदार काम करतं, त्यामुळे धोकेही तसेच आहेत. मानेत वापरल्यावर गळ्याला सूज येऊन श्वास अडकण्याचे प्रकार घडले आणि २००८ साली अमेरिकी औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. नको तिथे हाड वाढणं, नसेला त्रास होणं हेही होतं. गरोदर बाई, वाढीच्या वयातलं मूल, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेला रुग्ण यांना ते देत नाहीत. दिल्यानंतर वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात.

पहिलंच ऑपरेशन, एकच जोड, तब्येत ठीक, अशा माणसाला सहसा त्याची गरज पडत नाही. आधीचं फ्यूजन फसलं असेल तर विचार होऊ शकतो (प्रश्न १७ पाहा). आणि शंभर टक्के कशालाच नसतं.

६. आम्ही जैन आहोत. यात जनावराचं काही असतं का?

चिकोडी, निपाणी, अथणी भागातून हा प्रश्न नेहमी येतो. माळकरी घरांतूनही येतो आणि लोक तो फार संकोचून विचारतात. संकोचू नका, हा तुमचा हक्क आहे.

कारखान्यात तयार केलेले बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास यांत जनावराचं काही नसतं. पण तीन ठिकाणी सावध राहा. पट्टी किंवा स्पंजसारख्या मऊ ग्राफ्टमध्ये दाणे बांधून ठेवायला कोलॅजन वापरतात आणि ते बहुतेक वेळा गाईचं असतं. बीएमपीसोबत येणारा स्पंजही गाईच्या कोलॅजनचा. काही हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट जनावराच्या हाडापासून किंवा समुद्रातल्या पोवळ्यापासून करतात. शिवाय 'डीबीएम' असं लिहिलेलं असेल तर ते मृत्यूनंतर दान केलेलं माणसाचं हाड असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतीपेढी (टिश्यू बँक) आहे, तिथे गॅमा किरणांनी ऊती निर्जंतुक करतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, तारीख ठरतानाच सांगा : 'कोलॅजन नसलेले, पूर्ण कृत्रिम दाणेच वापरा.' हे फाइलवर लिहून घ्या. पर्याय सहज मिळतो.

७. शरीराने ते नाकारलं तर? आणि इतकं कॅल्शियम आत गेल्यावर मुतखडा होईल का?

किडनी नाकारली जाते तसं इथे होत नाही, कारण या क्षारांत परक्या पेशी किंवा प्रथिनं नसतात. जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण तो कुठल्याही ऑपरेशनमध्ये होऊ शकतो. जखमेतून पू, ताप, दिवसागणिक वाढणारी ठणक यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

दाणे हळूहळू विरतात, त्यामुळे मुतखड्याची भीती नको. अपवाद कॅल्शियम सल्फेटचा. ते मोठ्या प्रमाणात भरलं तर रक्तातलं कॅल्शियम काही दिवस वाढू शकतं आणि जखमेतून पाणी झिरपतं. किडनीचा आजार असेल तर आधी सांगा.

८. मामा तंबाखू खातात. बिडी-सिगारेट नाही, फक्त चिमूटभर. चालेल ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

निकोटिन बिडीतून गेलं काय आणि गालातून गेलं काय, बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि हाड बनवणाऱ्या पेशींना मंद करते. दाण्यांच्या भोकांत जे रक्त शिरायला हवं ते शिरतच नाही. तंबाखूच्या गोळीला, गुटख्याला, तपकिरीला हे सगळं लागू आहे. आणि मिश्रीलाही. घरातल्या बायका मिश्रीला व्यसन मानत नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या आजी 'काही खात नाही' म्हणून सांगतात आणि ते खरंच असतं. म्हणून सुनेने किंवा मुलीने ही गोष्ट आपणहून डॉक्टरांच्या कानावर घालावी.

ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतर किमान सहा महिने बंद, असं बहुतेक सर्जन सांगतात. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगगम घ्यायचं असेल तर विचारून घ्या, त्यातही निकोटिनच असतं. हजारो रुपयांचा ग्राफ्ट टाकून तंबाखू चालू ठेवण्यापेक्षा तंबाखू सोडून स्वतःच्या हाडावर भरवसा ठेवलेला कितीतरी बरा.

९. मी निपाणीची. तंबाखू खात नाही, पण बिड्या वळते. मला काही अडचण?

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं झालं, कारण ही गोष्ट फाइलवर कुणी लिहीत नाही. तंबाखू हाताळताना त्वचेतून आणि धुळीतून थोडं निकोटिन शरीरात जातं. ओली पानं काढणाऱ्यांना मळमळ, चक्कर होते ती त्यामुळेच. खाण्यापेक्षा हे प्रमाण कमी असतं, ऑपरेशन नाकारावं इतकं नाही. तरी डॉक्टरांना सांगा आणि जमल्यास आधी काही आठवडे काम थांबवा.

दुसरी अडचण बसण्याची. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास वाकून बसणं पहिले तीन महिने अजिबात नको. पुढे खुर्ची-टेबलावर काम करता येईल का, ते फिजिओथेरपिस्टसोबत ठरवा.

१०. साखर आहे, वय सत्तर, हाडं ठिसूळ. जुळेल का?

जुळतं, पण तयारी लागते. साखर महिन्या-दोन महिन्यांत आटोक्यात आणा, नुसती आदल्या रात्रीची नव्हे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा. ड जीवनसत्त्व तपासा, भरपूर उन्हाच्या आपल्या भागातही ते कमी निघतं. हाडांची घनता कमी असेल तर स्क्रू धरत नाहीत, तेव्हा आधी औषध सुरू करायचं का ते विचारा. दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल तर नक्की सांगा.

११. मणक्याचा टीबी आहे. त्यातही हे दाणे घालतात का?

टीबीत मुख्य उपचार औषधांचा, बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. मणका कोसळला किंवा पायातली ताकद गेली तर करावं लागतं. स्क्रू-रॉड टीबीतही चालतात. पण पू असलेल्या जागी बहुतेक सर्जन कृत्रिम दाण्यांऐवजी रुग्णाचं स्वतःचं हाड, बरगडीचा तुकडा किंवा टायटॅनियमचा पिंजरा पसंत करतात. टीबीच्या गोळ्या ऑपरेशननंतरही पूर्ण मुदतीच्या घ्यायच्या.

१२. किती दिवसांत जुळतं? एक्स-रेमध्ये आत्ताच पांढरं दिसतंय, म्हणजे झालं का?

नाही झालं. कृत्रिम दाणे स्वतःच एक्स-रेत पांढरे दिसतात, अगदी पहिल्या दिवसापासून. घरी फिल्म बघून निष्कर्ष काढू नका.

तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला नव्या हाडाची चिन्हं दिसू लागतात, पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. सुरुवातीला दाण्यांच्या कडा स्पष्ट असतात. हाड होत गेलं की त्या पुसट होऊन सलग पट्टा दिसतो. शंका असेल तर वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढतात, किंवा सीटी स्कॅन. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट असेल तर दाणे जोड पक्का झाल्यावरही दिसत राहतात, त्याने घाबरू नका.

१३. ऑपरेशन बेळगावात करावं की कोल्हापूर-मिरजेला? आणि घरी परत कसं न्यायचं?

मणक्याचे अनुभवी सर्जन बेळगावात आहेत, कोल्हापूर, मिरज, हुबळीलाही आहेत. वर्षभर तपासणीला चार-पाच वेळा जावं लागणार, हे धरून ठरवा. अथणी-रायबागवाल्यांना मिरज सोयीचं, खानापूरवाल्यांना बेळगाव.

परतताना गाडीचं पुढचं सीट मागे कलवून बसवा, तासाभराने उतरवून चार पावलं चालवा. चोर्ला किंवा जांबोटीच्या बाजूचं गाव असेल तर खड्डे चुकवत सावकाश या. बस आणि दुचाकीची घाई नको. चालणं पहिल्या आठवड्यापासून हवं. वाकणं, पिळणं, घागर उचलणं, ट्रॅक्टरवर बसणं मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद. ऊसतोडीच्या हंगामाआधी ऑपरेशन आणि हंगामात शेतात हजर, असा हिशोब करू नका.

१४. दुखलं की मेडिकलमधून गोळी घेतो. हाडजोडीही चालू आहे. चालेल?

डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने बरेच दिवस घेतल्या तर हाड जुळायला अडथळा होऊ शकतो. डॉक्टरांनी थोडे दिवस लिहून दिल्या असतील तर हरकत नाही. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं. हाडजोडीचा वेल किंवा हाडवैद्याचा लेप ग्राफ्टची जागा घेऊ शकत नाही. घेत असाल तर लपवू नका, आणि जखमेवर लेप किंवा मालिश मुळीच नको. दूध, तीळ, डाळी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि नाचणी रोज पोटात जाऊ द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

१५. कार्डावर होतं का? ग्राफ्टचे पैसे वेगळे मागितले तर?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते. चिठ्ठीशिवाय थेट भरती झालेले लोक नंतर अडकतात.

महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केलेली आहे. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर आपलं गाव, आपली कागदपत्रं आणि हेच ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भरतीआधी पक्कं करा.

दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : 'पॅकेजमध्ये स्क्रू, पिंजरा आणि ग्राफ्ट तिन्ही धरलेत का?' उत्तर तोंडी घेऊ नका.

१६. बिलात दोन पॅक लावलेत. खरंच वापरले का, कसं कळणार?

प्रत्येक पाकिटात छोटे स्टिकर येतात. त्यावर उत्पादनाचं नाव, बॅच किंवा लॉट नंबर, मुदत आणि माप असतं. वापरलेल्या पाकिटाचा स्टिकर ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवायचा असतो. दोन पॅक बिलात, तर दोन स्टिकर फाइलमध्ये हवेत. डिस्चार्जच्या वेळी त्यांची प्रत मागा आणि घरी जपून ठेवा. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. देशी दाण्यांचा छोटा पॅक काही हजारांत येतो. आकडा फार मोठा असेल तर पदार्थ कोणता ते विचारा (प्रश्न ४ आणि ५).

वैद्यकीय उपकरणं २०१७ च्या नियमांखाली येतात, त्यामुळे लेबलवर परवाना क्रमांक असलाच पाहिजे. उपकरणामुळे त्रास झाला तर त्याची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून आहे. डॉक्टरांना ती नोंद करायला सांगता येतं.

एमआरआयबद्दलही इथेच सांगते, कारण तेव्हा हीच फाइल लागते. दाण्यांमुळे एमआरआयला अडचण नसते. टायटॅनियमचे स्क्रूही चालतात, फक्त चित्र तिथे थोडं धूसर येतं.

१७. वर्ष झालं, जुळलं नाही म्हणतात. आता?

पहिल्यांदा, दुखतंय का ते बघायचं. काहींचा जोड एक्स-रेत अपुरा दिसतो पण त्रास काहीच नसतो. अशांना लगेच ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवतात. आधी आराम पडून काही महिन्यांनी पुन्हा दुखू लागलं, स्क्रू सैल किंवा मोडलेला दिसला, तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या ऑपरेशनआधी कारण शोधावंच लागतं. आत छुपा जंतुसंसर्ग आहे का, तंबाखू चालू होती का, साखर वाढलेली होती का, ड जीवनसत्त्व किती. ते न शोधता नुसता ग्राफ्ट बदलला तर पुन्हा तेच होण्याची भीती. या वेळी बहुतेक सर्जन कमरेचं स्वतःचं हाड घेतात, कधी पुढून पिंजराही बसवतात. पहिल्या ऑपरेशनची नोंद, स्टिकर आणि सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या. दुसऱ्या सर्जनकडे जाणार असाल तर जुन्या रुग्णालयाकडून ही कागदपत्रं लेखी अर्ज देऊन मागता येतात.